झाकण चकचकीत केल्याची हकीकत

सोमवार, दुपार

तीर्थरूप मावशी,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, पैकी डाव्या गुडघ्याला जरा जपून. गुडघ्याचं दुखणं कसं आहे? जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो का, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू खरंच करतेस की काकांना नुसते आकडे मोजायला लावतेस? काकांचा खोकला एव्हाना हटला असेल. हटला नसेल तर त्यांनी हे पत्र मधे मधे पाणी पिऊन वाचावं, कारण पत्र लांब आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. आई मजेत आहे, माझी तब्येत तर विचारूच नकोस, आणि तू एकवीस वर्षं सांभाळून माझ्या हाती दिलेलं यंत्रही उत्तम आहे. यंत्राबद्दल पुढे सविस्तर लिहिणारच आहे, पण उत्तम आहे हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे तुला उगाच धसका नको.

पाकिटावर काकांचं नाव पाहून तू फसली असशील तर माफी असावी. माझ्या हातची मागची तीन पाकिटं तू न उघडता फ्रिजवर ठेवून दिलीस असं आईकडून कळलं (आई तुझी सख्खी धाकटी बहीण असली तरी बातम्या पोचवताना ती कोणाचीच भीड ठेवत नाही). म्हणून या खेपेला नाव काकांचं घातलं आणि पत्ता ऑफिसातल्या टायपिस्टबाईंकडून टाइप करून घेतला. आता काका हे मोठ्याने वाचतील, तू समोर बसून काहीतरी निवडत असल्याचं सोंग आणशील, आणि शेवटचा शब्द येईपर्यंत जागची उठणार नाहीस. (काका, कंसातला मजकूर खास तुमच्यासाठी आहे. मावशीला यातलं सगळं झोपेतही येतं. पण आपण काय वाचतोय हे वाचणाऱ्याला कळायला हवं असं माझं मत आहे.)

तू माझ्याशी बोलेनाशी झालीस त्याला पाच महिने झाले. कारण मला ठाऊक आहे, फक्त पटलेलं नाही. तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं आणि म्हणालो, की आजवर हे यंत्र मावशीच्या हातगुणावर चाललं, आता ते शास्त्रावर चालेल. आता सांग, यात वावगं काय? हातगुण हा चांगलाच शब्द आहे, डॉक्टरांनाही लोक तसं म्हणतात. सभागृहात टाळ्या पडल्या. तूसुद्धा वाजवल्यास, दोनच, आणि पुष्पगुच्छ टेबलावर तसाच ठेवून साडेपाचची बस पकडलीस. मी तो पुष्पगुच्छ घेऊन थांब्यापर्यंत धावलो होतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. बस सुटली होती.

असो. महिन्यापूर्वी आमच्या डायरेक्टरबाईंनी एक कागद फिरवला. या गुरुवारी चार वाजता बैठक आहे आणि तीत एकच विषय: आपलं यंत्र ठेवायचं, की मोडीत काढून चकत्या बाहेरून तयार मागवायच्या. (काका, चकती म्हणजे तळहातावर मावेल अशी पातळ, पारदर्शक, गोल पाटी, खुणेसाठी एका बाजूला सरळ कापलेली. ती यंत्रात ठेवायची, हजार अंशांच्या वर तापवायची, गरगर फिरवायची आणि वरून धातूच्या वाफा आणि अमोनिया सोडायचा. तापलेल्या चकतीवर त्या वाफा फुटतात आणि त्यांतले अणू खाली उतरून एकामागे एक शिस्तीत रांगा लावून बसतात. चारेक तासांत केसाच्या विसाव्या हिश्शाएवढा जाड स्फटिकाचा थर तयार होतो. त्यावरून पुढे दिवे बनतात. थर जमला तर चकती आरशासारखी गुळगुळीत दिसते. बिघडला तर कोणीतरी तिच्यावर तोंडाची वाफ सोडल्यासारखी. तुमच्या पत्नीने एकवीस वर्षं हेच केलं, आणि तुम्ही लोकांना ‘ती कारखान्यात असते’ एवढंच सांगत आलात.) बाकीचे लोक तो कागद वाचून हबकले. मी मुळीच हबकलो नाही. मी ठरवलं, बाईंना असं यंत्र दाखवायचं की मोडीत काढण्याची भाषा त्यांच्या तोंडून पुन्हा निघता कामा नये.

आणि मी यंत्र स्वच्छ केलं. तुला माझी सवय माहीतच आहे, लहानपणी मी तुझ्या घरी आलो की आधी तुझे चमचे आकाराप्रमाणे लावायचो. यंत्राच्या आतल्या वरच्या झाकणावर जो तपकिरी-काळा खरपुडा साचला होता, तो मी तुझ्या काळापासून डोळ्यांसमोर बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढी हुशार बाई, पण हे तिला दिसत कसं नाही! (काका, वाफा फक्त चकतीवर बसत नाहीत, जिथे जागा मिळेल तिथे बसतात. त्याचा हा खरपुडा.) तोंडाला मास्क लावून, ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन मी दोन दिवस त्या झाकणाशी झुंजलो. आतल्या काचेच्या वस्तू नव्या घातल्या, चकती ज्यावर फिरते ती ग्रॅफाइटची थाळी भट्टीत भाजून काढली. झाकण इतकं चकचकीत झालं की डायरेक्टरबाई बघायला आल्या, तेव्हा त्यांनी त्यात पाहून केस नीट केले. मला म्हणाल्या, हे यंत्र असं दिसतं हे मला आजच कळलं. मी नम्रपणे मान खाली घातली. फोटोही काढले आहेत, तुला हवे तर पाठवतो.

दुसऱ्या दिवशी पहिली चकती निघाली ती धुरकट. मी डगमगलो नाही. पहिली चकती म्हणजे यंत्राने आळस झाडला असं समजायचं. दुसरी निघाली, धुरकट. तिसरीच्या वेळी मी पडद्यासमोरून हललोच नाही. (काका, थर वाढत असताना त्यावर एक किरण मारलेला असतो आणि परत येणाऱ्या उजेडाची रेघ पडद्यावर उमटते. सुरुवातीला ती खाली जाते, मग वर येते आणि थर वाढेल तशी लाटा काढत चालते. त्या लाटा दिसल्या की माणूस सुटकेचा श्वास टाकून चहाला जातो.) रेघ खाली गेली. मी वाट पाहिली. ती खालीच राहिली, चार तास, एखाद्या रुसलेल्या माणसासारखी (इथे तुझा काही संबंध नाही). तेव्हा मी ओळखलं की दोष यंत्रात नसून बाहेर कुठेतरी आहे, कारण यंत्र तर मी स्वतः स्वच्छ केलं होतं.

आधी संशय गेला नळवाल्यावर. (काका, याचं काम सगळ्या वायूंच्या नळ्या सांभाळायचं, हा तुमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो आणि मावशीच्या पिढीतला आहे.) कुठेतरी सांधा गळत असणार, हवा आत शिरत असणार, असं मी त्याला शांतपणे, पण चार लोकांसमोर, सांगितलं. तो गळती शोधायचं उपकरण घेऊन आला आणि दोन दिवस एकेक सांधा हुंगत फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने लेखी अहवाल दिला: संपूर्ण विभागात एकच गळती सापडली, ती हात धुवायच्या बेसिनच्या नळाची, आणि ती त्याने वॉशर बदलून बंद केली आहे. तेव्हापासून तो मला ‘साहेब’ म्हणतो. आधी नावाने हाक मारायचा.

मग मी त्या स्टीलच्या बाटल्यांकडे वळलो, ज्यांत हवा लागताच पेट घेणारं धातूचं द्रव असतं. बाटल्यांभोवतीच्या पाण्याचं तापमान अंशाच्या दहाव्या हिश्शाने चुकत असेल तर वाफ कमीजास्त होते. मी तीन थर्मामीटर लावले. तिघांनी तीन आकडे दाखवले, आणि त्यांपैकी खरं कोण हे ठरवायला चौथा आणावा लागला, त्याने चौथाच दाखवला. नंतर मला वाटलं की बाहेरच्या बोळातून लोक बूट आपटत जातात त्या हादऱ्यामुळे अणू रांग मोडत असावेत. एक अख्खा दिवस मी सगळ्यांना मोज्यांवर चालायला लावलं. टायपिस्टबाई फरशीवरून घसरल्या आणि डायरेक्टरबाईंच्या दारातच बसल्या. (लागलं काही नाही. पण हे पाकीट टाइप करून देताना त्यांनी जो चेहरा केला, त्यावरून त्या विसरल्या आहेत असं म्हणवत नाही.) त्या दिवशीची चकती आधीच्यांपेक्षा किंचित जास्त धुरकट होती.

घरी जेवताना आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, अरे, नवा लोखंडी तवा घासून पुसून चुलीवर ठेवला तर पहिल्या दिवशी त्यावर काही नीट निघतं का? सगळं चिकटतं, तुटतं. चार दिवस वापरून तेलपाणी मुरावं लागतं. मी आईवर चिडलो नाही, हसलो फक्त. हजार अंशांच्या स्फटिकशास्त्राला तवा! तिने हात धुतले आणि विचारलं, त्या बिघडलेल्या चकत्यांपैकी एक मिळेल का, न्हाणीघराच्या झडपेतलं छोटं भोक झाकायला बरी पडेल, पलीकडचं दिसत नाही आणि उजेडही येतो. मावशी, मी तुझ्या बहिणीचा मुलगा आहे म्हणून सहन करतो.

आज सकाळी अकरावी चकती काढली. तिच्याबद्दल एवढंच म्हणतो की ती आधीच्या दहांशी पूर्णपणे सुसंगत आहे. शास्त्रात सुसंगतीला फार किंमत असते. गुरुवार अजून तीन दिवस लांब आहे, माझ्या डोक्यात नव्या कल्पनांची रांग लागली आहे, आणि एकूण परिस्थिती माझ्या काबूत आहे हे तुला कळवावं एवढाच या पत्राचा हेतू. तुझ्याकडून मला काहीही नको. तू आराम कर, व्यायाम चुकवू नकोस आणि यंत्राची काळजी तर अजिबात करू नकोस. काकांना माझा नमस्कार, घसा दुखत असेल तर आता थांबले तरी चालेल.

तुझा एकुलता एक भाचा

ता. क. काका, थांबू नका. एक किरकोळ गोष्ट राहिली. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मावशीला आमच्या डायरेक्टरबाईंचा फोन येईल. त्या एकच प्रश्न विचारतील आणि मावशीने त्याला ‘हो’ म्हणायचं आहे. झालं असं, की शनिवारी बाईंनी मला बोलावून दहा धुरकट चकत्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाल्या, हे यंत्र आता थकलं, नाही का? आपल्या यंत्राला थकलेलं म्हटलेलं ऐकून मला राहवलं नाही. मी म्हणालो, छे, यंत्र धुतल्यावर पहिल्या बारा चकत्या वायाच जातात, ही तर रीतच आहे. त्यांनी विचारलं, कोण म्हणतं? मावशी, माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. ‘मग त्यांनाच विचारते,’ असं बाई म्हणाल्या. बारा का, तर दहा टेबलावर होत्या आणि मला आणखी दोन खेपांची उसंत हवी होती. यापलीकडे त्या आकड्यात काही नाही. हे धडधडीत खोटं आहे हे मला मान्य आहे. तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस हेही माहीत आहे. पण एका अक्षराचं खोटं, तेही फोनवर, तेही यंत्रासाठी. माझ्यासाठी नको करूस, यंत्रासाठी कर.

ता. क. (मंगळवार, सकाळ) पत्र काल गेलं नाही, कारण ते नळवाल्याच्या हाती पाठवायचं होतं आणि तो काल रजेवर होता. एका परीने बरंच झालं. काल दुपारची बारावी चकतीही धुरकट निघाली, म्हणजे माझ्या सांगण्यातली बारा पूर्ण भरली आणि पुढे काय सांगायचं हे मला सुचेना. आज सकाळी आल्या आल्या मी नळवाल्याला गाठलं, माफी मागितली (चार लोकांसमोर मागितली, कारण बोललो होतो चौघांसमोर) आणि विचारलं, मावशी असती तर आता काय करती? तो सामानाच्या खोलीत गेला आणि तुझी ती जाड निळी नोंदवही घेऊन आला. सगळं संगणकात भरल्यावर मीच ती तिथे टाकली होती. त्याने दोन पानं काढून दाखवली. एकवीस वर्षांत तू यंत्र दोनदा संपूर्ण धुतलंस. पहिल्या खेपेला बारा चकत्या धुरकट. दुसऱ्या खेपेला अकरा. आणि प्रत्येकीपुढे तुझ्या अक्षरात एकच शब्द: सवय. सवय, सवय, सवय, पान भरून. झाकणाला आणि थाळीला पुन्हा खरपुडा धरेपर्यंत यंत्राला सवय होऊ द्यायची, घाबरायचं नाही, काही बदलायचं नाही. नळवाला म्हणतो, हे तू मला शेवटच्या आठवड्यात तोंडाने सांगितलं होतंस आणि तो तिथेच उभा होता. मी तेव्हा कपाटांना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो आणि ‘हो हो’ म्हणत होतो. तेव्हा गुरुवारी खुशाल ‘हो’ म्हण, ते खोटं नाही. मी खोटं म्हणून सांगितलं आणि ते खरं निघालं. आईला तव्याचं अजून कबूल केलेलं नाही.

ता. क. (मंगळवार, दुपार) तेरावी लख्ख निघाली! सव्वादहाला रेघ खाली गेली, मी श्वास धरला, आणि ती वर आली. मग लाट, मग दुसरी लाट, मी बत्तीस मोजल्या आणि पुढे डोळ्यांत पाणी आलं म्हणून मोजणं सोडलं. डायरेक्टरबाईंनी चकती हातात धरली, खिडकीतलं झाड तिच्यात पाहिलं आणि गुरुवारची बैठक रद्द केली. यंत्र राहिलं, मावशी. मी त्यांना सगळं सांगितलं, बाराचा आकडा कुठून आला तेसुद्धा, आणि तुझी वही टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोन पानं फोटोकॉपी करून भिंतीवर लावायला सांगितली आहेत. त्यामुळे आता तुला फोन येणार नाही आणि तुला काही म्हणावं लागणार नाही. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. आता खरं तर हे पत्र फाडून टाकायला हवं, कारण यात तुझ्याकडे मागितलेलं काहीच उरलं नाही. पण नळवाला कोट घालून दारात उभा आहे आणि मला पाठवायचंच आहे. काका, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका, कागद तिच्या हातात द्या. मावशी, मी ती चकती आज सगळ्यांना दाखवली. एकेकाने ‘छान’ म्हटलं, पाठीवर थाप मारली आणि जेवायला गेला. कोणी एकानेही ती उजेडाकडे तिरकी धरली नाही. त्या खोलीत मी एकटा उरलो आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली, की आता इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारं कोणी नाही. भाषणात मी चुकलो. तुझ्याजवळ होतं ते शास्त्रच होतं. मला ते ओळखू आलं नाही. चकतीच्या कापलेल्या बाजूला, अगदी कडेला, नखाएवढी जागा अजून धुरकट आहे. कोणाला दिसली नाही, आणि मी कोणाला सांगितलेली नाही. साडेनऊची बस थेट दारात थांबते. ये आणि मला रागव.